टाइम म्हणजे तो वेळ की ती वेळ?

कागलच्या एका पोराने विचारलंय, बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय तो. प्रश्न थोडक्यात असा, की "सर, टाइम शब्द माहीत नाही असा माणूस नसेल, पण लिहायला बसलं की कुठं 'अ टाइम', कुठं 'द टाइम', कुठं नुसतं 'टाइम' आणि कुठं 'टाइम्स' हे काही केल्या कळत नाही. ऑन टाइम आणि इन टाइममध्ये नेमका फरक काय? आणि 'इट्स टाइम वी लेफ्ट' या वाक्यात अजून निघालोच नाही तर लेफ्ट कसं काय आलं?"

प्रश्न लई चांगलाय. मी २२ वर्षं कोल्हापुरात इंग्लिश शिकवतोय, सकाळी स्पर्धा परीक्षेची पोरं आणि संध्याकाळी शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली नोकरदार मंडळी, आणि या दोन्ही बॅचमध्ये अवघड शब्दांपेक्षा जास्त चुका या एका सोप्या शब्दाच्या होतात. त्यात नवल पण नाही म्हणा. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीवाल्यांनी २००६ साली अब्जावर शब्दांचा इंग्लिश मजकूर तपासून सगळ्यात जास्त वापरली जाणारी नामं काढली तेव्हा पहिला नंबर टाइमचा आला, मग पर्सन, मग इयर. जो शब्द सगळ्यात जास्त वापरला जातो तो सगळ्यात जास्त कामाला जुंपलेला असतो, त्यामुळं त्याचे अर्थ पण ढीगभर.

आता मुद्द्याचं सांगतो, आणि हे जरा नीट वाच, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे. इंग्लिशचा टाइम समजून घ्यायला आपल्याकडं मराठीतच एक हत्यार आहे आणि आपण ते वापरतच नाही. मराठीत 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो. तो वेळ आणि ती वेळ. "अर्ज भरण्यात माझा सगळा वेळ गेला" आणि "अर्ज भरायची वेळ गेली" ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघ. पहिल्यात 'गेला' म्हणजे तासन् तास खर्च झाले, मोजायचं नाही, पाण्यासारखं वाहून गेलं. दुसऱ्यात 'गेली' म्हणजे ठरलेला क्षण हातातून सुटला, मुदत संपली. हा फरक तुला कुणी शिकवलेला नाही, तू तो आईकडून बोलता बोलता उचललास आणि त्यात तू कधीच चुकत नाहीस. शेपूट लावलं की हा फरक अजून उघडा पडतो. थोड्या वेळाने, तेवढ्या वेळात, हा तो वेळ. त्या वेळेला, जेवणाच्या वेळेवर, ही ती वेळ.

इंग्लिशमध्ये लिंग नाही, म्हणून तिथं हेच काम आर्टिकल आणि 'एस' करतात. तो वेळ असला की टाइम मोजता येत नाही, म्हणून त्याला 'अ' नाही आणि 'एस' पण नाही, त्याच्यासोबत मच, सम, इनफ, लिटल असले शब्द येतात. आय हॅव नो टाइम, वी डोन्ट हॅव मच टाइम, इट टेक्स टाइम. ती वेळ असली की तो एक विशिष्ट क्षण किंवा एक प्रसंग, मग दॅट टाइम, द टाइम ऑफ सनसेट, अ टाइम व्हेन, थ्री टाइम्स असं सगळं चालतं. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो ना, नोव्हेंबरात आणि जानेवारी संपता संपता, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात, त्या दोन-चार मिनिटांसाठी सगळी गर्दी श्वास रोखून उभी असते, ती झाली 'ती वेळ'. आणि त्यासाठी दोन तास रांगेत गेला तो 'तो वेळ'. वी स्पेंट अ लॉट ऑफ टाइम इन द क्यू, अँड ॲट दॅट टाइम एव्हरीवन वॉज सायलेंट. एकाच वाक्यात दोन्ही आले.

मग पोरं चुकतात का? माझं ठाम मत आहे की मराठी बोलताना आपण वेळ सोडून टाइम म्हणायला लागलो तिथून गोंधळ सुरू झाला. कारण आपल्या मराठीतला टाइम नुसता पुल्लिंगी आहे. "माझा टाइम गेला" आणि "जायचा टाइम झाला", दोन्हीकडं 'तो'च. वेळ शब्दात जो फरक आपोआप सांभाळला जात होता तो टाइमने पुसून टाकला. "टायमाला ये", "दोन्ही टायमाचं दूध डेअरीला घालतो", "दोन टायमाचं जेवण" हे आपल्याकडं सर्रास चालतं आणि बोलायला काही वाईट नाही, मीपण बोलतो. पण ते तसंच उचलून इंग्लिशमध्ये 'टू टाइम्स मील' लिहिलं की चुकलं, तिथं टाइम शब्दच लागत नाही, नुसतं टू मील्स अ डे. म्हणून माझ्या वर्गात नियम एकच, वाक्य लिहायच्या आधी मनातल्या मनात टाइमच्या जागी वेळ टाकून बघायचा, आला म्हणतोस का आली म्हणतोस, आणि मग पेन उचलायचं.

आता किती वेळ आणि किती वेळा बघ. एका कान्याचा फरक. किती वेळ म्हणजे हाउ मच टाइम, किती वेळा म्हणजे हाउ मेनी टाइम्स. हा कान्याचा फरक ज्याच्या डोक्यात पक्का बसला त्याचं अर्धं काम झालं. फक्त एक लक्षात ठेव, एकदा आणि दोनदा यांना इंग्लिशमध्ये स्वतःचे शब्द आहेत, वन्स आणि ट्वाइस, म्हणून 'वन टाइम इन अ इयर', 'टू टाइम्स इन अ इयर' असं लिहायचं नाही, वन्स अ इयर, ट्वाइस अ इयर. तीनपासून पुढं थ्री टाइम्स, फोर टाइम्स. आणि पहिल्यांदा म्हणजे फॉर द फर्स्ट टाइम, यातला 'फॉर द' पोरं खातात आणि 'आय ॲम सीइंग फर्स्ट टाइम' लिहून मोकळी होतात. पण नेक्स्ट टाइम आणि लास्ट टाइमला पुढं फॉर लागत नाही, नुसतं आय विल टेल यू नेक्स्ट टाइम.

याच्याच शेजारी एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ सगळे पडतात. 'आफ्टर समटाइम्स आय विल कॉल यू.' हे वाक्य मी हजार वेळा तरी खोडलं असेल. यात तीन वेगळे शब्द आहेत. सम टाइम, मध्ये जागा सोडून, म्हणजे थोडा वेळ, म्हणून आफ्टर सम टाइम म्हणजे थोड्या वेळाने. समटाइम, जोडून, 'एस' नाही, म्हणजे केव्हातरी, कम सम‌टाइम नेक्स्ट वीक. आणि समटाइम्स, जोडून आणि 'एस' सकट, म्हणजे कधीकधी. आफ्टर समटाइम्स म्हणजे 'कधीकधीनंतर', अशी गोष्टच जगात नाही.

आता नियम कुठं मोडतो ते पण सांगायला पाहिजे, नाहीतर उद्या पेपरात अडकशील आणि मला शिव्या देशील. एक म्हणजे अ लाँग टाइम. बराच वेळ झाला म्हणतो आपण, म्हणजे तो वेळ, तरी तिथं 'अ' येतो. आय वेटेड फॉर अ लाँग टाइम, 'आय वेटेड लाँग टाइम' नाही. शॉर्टचं पण तसंच. म्हणजे लांबी दाखवणारं विशेषण पुढं आलं की टाइमचा एक तुकडा कापल्यासारखं होतं आणि त्या तुकड्याला 'अ' लागतो. हॅव अ गुड टाइम, मजा आली या अर्थाचं, तेही असंच पाठ करून टाक. उलट बाजूने जेवायची वेळ झाली, निघायची वेळ झाली, ही ती वेळ असूनही तिथं काहीच लागत नाही. इट्स टाइम फॉर लंच, इट्स टाइम टू गो. एवढे अपवाद डोक्यात ठेवलेस तर बाकी शंभरातल्या नव्वद ठिकाणी तो आणि ती तुला तारून नेतील.

'द'ची गंमत वेगळी आहे आणि ती मुलाखतीत नडते. डू यू हॅव टाइम म्हणजे तुला वेळ आहे का, जरा थांबशील का. डू यू हॅव द टाइम म्हणजे किती वाजले. नुसता एक 'द'. माझ्या संध्याकाळच्या बॅचमधला एक मुलगा फौंड्रीत क्वालिटीला आहे, त्यांच्याकडं बाहेरच्या देशातून ऑडिटला माणूस आला होता, शॉप फ्लोअरवर फिरता फिरता त्याने घड्याळ विसरलं म्हणून विचारलं डू यू हॅव द टाइम, आणि हा बिचारा हातातलं काम खाली ठेवून नम्रपणे येस सर म्हणून उभा राहिला, वाट बघत की आता हा काय काम सांगतोय. तो पाहुणा त्याच्याकडं बघतोय, हा त्याच्याकडं. शेवटी पाहुण्याने मनगटाकडं बोट केलं तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्याने मला पहिलं तेच विचारलं आणि मला वाटलं, ज्या पोराला कास्टिंगमधला केसाएवढा तडा डोळ्यानं दिसतो त्याला हा 'द' पण दिसायला पाहिजे, फक्त कुणीतरी एकदा दाखवायला पाहिजे.

आता ऑन टाइम आणि इन टाइम. इथं तर मराठीने उत्तर हातात आणून दिलंय. वेळेवर आणि वेळेत. 'वर' म्हणजे ऑन, 'त' म्हणजे इन. बास. ऑन टाइम म्हणजे ठरलेल्या ठोक्याला, ना अलीकडं ना पलीकडं. इन टाइम म्हणजे मुदत संपायच्या आत, उशीर व्हायच्या आधी. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायला तू दसरा चौकातून रिक्षाने निघालास, वाटेत ट्रॅफिक लागलं, तरी पाच मिनिटं आधी स्टेशनात पोचलास आणि गाडी बरोबर तिच्या वेळेला सुटली. तर द ट्रेन लेफ्ट ऑन टाइम, अँड आय रीच्ड द स्टेशन जस्ट इन टाइम. गाडी वेळेवर, तू वेळेत. इन टाइमच्या पुढं बऱ्याचदा 'कशासाठी' ते येतं, इन टाइम फॉर द ट्रेन, इन टाइम टू कॅच द ट्रेन. ऑन टाइम स्वतःवरच पूर्ण असतं. आणि मराठीत 'वेळीच' म्हणतो आपण, डॉक्टरकडं वेळीच नेलं म्हणून वाचला, ते इन टाइममध्येच बसतं. याच शब्दाचा तिसरा भाऊ पण आहे, इन फाइव्ह मिनिट्स टाइम म्हणजे आत्तापासून पाच मिनिटांनी, तिथं मिनिट्सच्या 'एस'नंतर अपॉस्ट्रॉफी द्यायला विसरू नकोस, एरर स्पॉटिंगमध्ये, म्हणजे वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नात, असले बारकावे विचारतात.

कंपनीत मेल लिहिणाऱ्यांना सांगतो, 'मटेरियल विल रीच इन टाइम' आणि 'ऑन टाइम' यात गिऱ्हाईक फरक करतो. ऑन टाइम म्हणजे पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, जी तारीख आहे त्या तारखेला. उगीच कुठलाही शब्द टाकू नका.

टाइम्सचा दुसरा अर्थ पट. थ्री टाइम्स ॲज हेवी म्हणजे तिप्पट जड. इथं सांभाळायचं ते 'थ्री टाइम्स मोर'ला. एका कारखान्यातल्या परचेसवाल्याने मला सांगितलेली गोष्ट, नाव नको, की गेल्या वर्षी २०० नगांची ऑर्डर होती, यंदा मेल आला वी नीड थ्री टाइम्स मोर. यांनी धरलं तिप्पट, म्हणजे ६००. पलीकडच्याच्या मनात होतं तिप्पट जास्त, म्हणजे आधीचे २०० आणि वर ६००, एकूण ८००. दोघंही चूक नव्हते, कारण इंग्लिश लोक पण हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचतात. म्हणून मी सांगतो, व्यवहारात मोर लिहूच नका, थ्री टाइम्स ॲज मेनी लिहा, आणि त्यापेक्षाही चांगलं म्हणजे सरळ आकडा लिहा. पाढ्यांना इंग्लिशमध्ये टाइम्स टेबल म्हणतात ते याच पटीवरून, टू टाइम्स थ्री इज सिक्स, आपलं बे त्रिक सहा. आणि टाइमटेबल म्हणजे वेळापत्रक. एका 'एस'ने पाढ्याचं वेळापत्रक होतं.

वाक्प्रचार तर मोप आहेत, सगळे सांगत बसत नाही, पण जिथं मराठी फसवते ते सांगतो. किल टाइम म्हणजे वेळ मारून नेणे, असं पोरं हमखास लिहितात. नाही. वेळ मारून नेणे म्हणजे अडचणीच्या क्षणी काहीतरी करून निभावून नेणे, आणि बघ, 'वेळ मारून नेली' म्हणतो आपण, ती वेळ आहे, एक प्रसंग. किल टाइम म्हणजे नुसता वेळ काढणे, 'काढला', तो वेळ. परत लिंगाने वाचवलं. वेळ काढणेचे पण दोन अर्थ, "वेळ काढून घरी ये" म्हणजे मेक टाइम, "नुसता वेळ काढतोय" म्हणजे किलिंग टाइम, आणि वेळकाढूपणा म्हणजे प्लेइंग फॉर टाइम. तसंच ॲट अ टाइम म्हणजे एका वेळी, "एका वेळी एकानेच बोला". ॲट वन टाइम म्हणजे एके काळी, रंकाळ्याचं पाणी ॲट वन टाइम प्यायला वापरायचे. ॲट टाइम्स म्हणजे अधूनमधून. फॉर द टाइम बीइंग म्हणजे तूर्त. फ्रॉम टाइम टू टाइम बोलण्यात अधूनमधून, पण सरकारी कागदात वेळोवेळी. 'ॲज अमेंडेड फ्रॉम टाइम टू टाइम'चं भाषांतर वेळोवेळी सुधारणा केल्याप्रमाणे असंच करायचं, तिथं अधूनमधून लिहिलंस तर मार्क गेले.

टाइमपास हा आपला शब्द आहे, भारतीय इंग्लिशचा, आणि तो चांगला शब्द आहे, रंकाळ्याच्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसायला दुसरा शब्द नाही. पण पेपरात पासटाइमशी त्याची गल्लत करू नको. पासटाइम म्हणजे आवडीने, मन लावून फावल्या वेळात केलेली गोष्ट, चित्रं काढणं, बागकाम. त्याच्या स्पेलिंगमध्ये 'एस' एकच आहे, हे पण विचारतात.

मैदानावरचे दोन शब्द सांगतो कारण शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचला ऐकतो मी. नव्वद मिनिटं संपत आली की लोक विचारतात "एक्स्ट्रा टाइम किती दिला रे?" तो एक्स्ट्रा टाइम नव्हे, तो स्टॉपेज टाइम किंवा इंज्युरी टाइम, खेळ थांबला होता तेवढा भरून द्यायचा वेळ. एक्स्ट्रा टाइम म्हणजे बाद फेरीत बरोबरी झाल्यावर पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ. आणि टाइम क्रियापद पण होतं हे विसरू नका. बॉल टाइम करणे, शर्यत टाइम करणे, वेल टाइम्ड टॅकल. २०२३ च्या वर्ल्ड कपला ६ नोव्हेंबरला दिल्लीत श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजला बांगलादेशविरुद्ध टाइम्ड आउट दिलं, आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असा बाद होणारा तो पहिलाच, दोन मिनिटांत पहिला बॉल खेळायला तयार व्हायचं होतं ते झालं नाही. तिथला टाइम्ड हे क्रियापदच.

थोडं विषयांतर करतो, मला फार आवडतं म्हणून. 'टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन' हे निबंधात सगळे लिहितात आणि टाइडचा अर्थ समुद्राची भरती सांगतात. मुळात त्या म्हणीतला टाइड म्हणजे वेळच, जुन्या इंग्लिशमध्ये टाइडचा तोच अर्थ होता, ख्रिसमसला यूलटाइड म्हणतात त्यात तो अजून शिल्लक आहे. टाइम आणि टाइड एकाच घरचे, भरतीचा अर्थ नंतर चिकटला, कारण भरती ठरलेल्या वेळेला येते. आता आपला वेळ घ्या. तो आला संस्कृतच्या वेला शब्दावरून, आणि वेला म्हणजे मर्यादा, समुद्राचा काठ, भरती, आणि वेळ पण. इकडं तिकडं हजारो मैलांचं अंतर आणि दोन्हीकडं लोकांनी वेळ आणि समुद्राचं पाणी एकाच शब्दात बांधलं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोशाचं पान तसंच उघडं ठेवून बराच वेळ बसलो होतो.

आता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, इट्स टाइम वी लेफ्ट. अजून निघालो नाही, मग भूतकाळ का? नियमाची भाषा अशी, की इट्स टाइम, इट्स हाय टाइम याच्यापुढं कर्ता आणि क्रियापद आलं की क्रियापद साध्या भूतकाळात जातं, अर्थ मात्र आत्ताचा. इट्स हाय टाइम यू स्टार्टेड स्टडीइंग. पण 'टू' आलं की मूळ रूप, इट्स टाइम टू लीव्ह. एवढं लिहिलंस तरी मार्क मिळतील. पण तुला हे विचित्र वाटतंय ना, मग घरी काय बोलतोस ते आठव. आईने हाक मारली की पायात चप्पल घालायच्या आधी तू ओरडतोस "आलो आलो!" कुठं आलास? अजून माडीवरच आहेस. आणि पाहुण्यांकडं बसल्यावर अंधार पडायला लागला की बाबा काय म्हणतात? "चला, आता निघालेलं बरं." निघायचं अजून बाकी आहे, पुढ्यातला चहा संपायचाय, तरी 'निघालेलं'. इट्स टाइम वी लेफ्ट म्हणजे शब्दाला शब्द तेच, आता निघालेलं बरं. परीक्षेत हे वाक्य आलं की बाबांचा आवाज आठव आणि लेफ्टवर टिक कर.